लावू का?

बोटाच्या पेरातून काहीतरी आत शिरलं आणि कोपरापर्यंत जाऊन परत फिरलं. फार मोठं नव्हतं. मुंग्यांची एक अख्खी रांग हाडाच्या आतून घाईघाईनं जाऊन यावी, तेवढंच. नळाची तोटी सोडून ती मागं सरली, ओल्या फरशीवर टाच घसरली, पण दाराची कडी हाताशी आली म्हणून पडली नाही. गिझरच्या बटणापाशी एक निळसर ठिणगी दिसून विझली आणि जळक्या रबराचा वास न्हाणीघरभर पसरला. बाहेर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. नवरा रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत होता, स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर पातेल्याचं झाकण थडथडत होतं. ते थडथडणं ऐकलं आणि ती जागच्या जागी थबकली. शेगडी चालू होती. शेगडी चालू असताना गिझर लावायचा नसतो, हे या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. पण तिनं विचारलं होतं. रोजच्यासारखं दाराआडून 'लावू का?' असं विचारलं होतं, आणि पलीकडून 'लाव' असं उत्तर आलं होतं. ओला हात छातीशी धरून ती उभी राहिली आणि तो 'लाव' पुन्हा पुन्हा कानात वाजवून बघू लागली, खोटं नाणं दगडावर वाजवून बघावं तसा.

या घरात विचारल्याशिवाय कुणी काही लावत नसे. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा विजेची गरज ती केवढी! चार दिवे, एक पंखा, एक रेडिओ. तेवढ्याला पुरेल अशी वायर त्यांनी स्वतःच्या हातानं लाकडी पट्ट्यांवरून घरभर फिरवली. मग हळूहळू वस्तू येत गेल्या. इस्त्री आली, पाण्याची मोटर आली, शेगडी आली, गिझर आला. वायर मात्र तीच राहिली. मोठं काही एका वेळी एकच लावायचं, दुसरं लावलं की फ्यूज गेलाच आणि घरभर अंधार. म्हणून मग विचारायची पद्धत पडली. 'लावू का?' आणि त्याचं उत्तर द्यायचं सासूबाईंनी. मीटरच्या खाली, बोळकंडीत त्यांची वेताची खुर्ची. तिथून समोरच्या भिंतीवरच्या छत्र्या सोडल्या तर काही म्हणजे काही दिसायचं नाही. सगळा कारभार कानावर. इस्त्रीचा खटका, मोटरीची घरघर, शेगडीच्या तारा तापतानाची ती बारीक कुरकुर. कुठं काय चाललंय, कधी सुरू झालं, आता किती वेळात संपेल, सगळं त्यांच्या डोक्यात. हातात विणकाम नाहीतर निवडायचे दाणे. नवरा लहानपणापासून त्यांना हेडऑफिस म्हणायचा. "मला काय विचारता, हेडऑफिसला विचारा," असं तो आल्यागेल्यालाही सांगायचा, आणि पाहुण्यांना वाटायचं की घरात कुणी मोठा अधिकारी राहतो. तसं ते खोटंही नव्हतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवशी पहाटे, मोटर चालू असताना, तिनं कुणालाही न विचारता इस्त्री लावली होती. नवी नवरी, नवऱ्याचा सदरा, कौतुक करवून घ्यायची हौस. खटकन अंधार झाला. न्हाणीघरातून नवऱ्याच्या मामांचा ओरडा आला, त्यांची अर्धी दाढी व्हायची होती. ती गरम इस्त्री हातात धरून अंधारात उभी, आता आपलं काय होणार म्हणून. तेवढ्यात बोळकंडीत स्टूल सरकल्याचा आवाज आला. बघते तर सासूबाई पदर खोचून स्टुलावर चढलेल्या, दातात छोटी बॅटरी धरलेली, आणि चिनीमातीचा फ्यूज उपसून त्यात नवी तार भरतायत. बोटं अशी चालत होती, जणू वेणी घालतायत. उजेड आला. खाली उतरून त्यांनी बॅटरी पुसली आणि म्हणाल्या, "आजपासून विचारायचं हं. मी नाही म्हणायची नाही. फार तर थांब म्हणेन." आणि मामांना हाक मारून म्हणाल्या, "करा हो उरलेली. आज फुकट दोन तोंडं बघायला मिळाली असती."

नाही म्हणणार नाही, थांब म्हणेन. नंतरच्या सगळ्या वर्षांत हा शब्द त्यांनी पाळला. आणि थांब म्हटल्यावर माणसाला ताटकळत ठेवून विसरल्या, असं एकदाही झालं नाही. मोकळं झालं की त्यांची हाक यायचीच, "लाव गं आता." विचारणारा स्वतः विसरून गेलेला असला तरी. विचारणं आणि उत्तर यांच्या मध्ये त्या नेहमी क्षणभर गप्प राहायच्या. गाणारा समेवर यायच्या आधी श्वास घेतो, एवढाच क्षण. पण त्या क्षणात त्या अख्ख्या घरातून फिरून यायच्या. कुठं काय तापलंय, कोण घाईत आहे, कुणाला सर्दी आहे, कुणाची परीक्षा आहे. मग उत्तर. त्या गप्प राहण्यात आपलंही नाव एकदा घेतलं गेलं, असं तिला माहेरची आठवण येण्याच्या दिवसांत वाटायचं, आणि बरं वाटायचं. मुलगी झाली तेव्हा कडक थंडी होती. बाळाच्या खोलीत दिवसभर हीटर चालू राहायला हवा. ते दिवस घरातल्या बाकी प्रत्येक गोष्टीला 'थांब' होतं, आणि कुणी कुरकुरलं नाही. पुढं कधीतरी बोलता बोलता तिला कळलं की त्या सबंध थंडीत सासूबाई गार पाण्यानं आंघोळ करत होत्या. मग तिनं लक्ष ठेवलं. तेव्हा दिसलं की एरवीही तसंच चाललंय. सगळ्यांना लाव म्हणणाऱ्या या बाईच्या तोंडून 'लावू का' हे शब्द तिनं कधी ऐकलेच नव्हते. विचारणार कुणाला, आणि कशासाठी? स्वतःसाठी त्या काही लावतच नव्हत्या. एकदा तिनं धीर करून विचारलं तर म्हणाल्या, "मला गार पाणीच मानवतं." तेवढं बोलताना मात्र त्या क्षणभरही थांबल्या नाहीत.

दवाखान्यात पोचली तरी कोपर गुणगुणतच होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नावं लिहून घ्यायची, माणसांना खुर्चीवर बसवायचं आणि भिंतीवरची अक्षरं वाचून घ्यायची, हे तिचं काम. एक डोळा झाका, वाचा. समोर एक वयस्कर गृहस्थ बसले होते, नेहमीचे. ती अक्षरं दाखवायची पट्टी उचलायच्या आत त्यांनी खालच्या ओळीपर्यंत सगळं घडाघडा म्हणून टाकलं. ती हसली आणि तिनं तक्ता बदलला. नवा तक्ता लागल्यावर त्यांनी पहिल्याच ओळीला मान तिरकी केली, डोळे बारीक केले, गप्प झाले. हे तिनं हजारदा बघितलेलं. ज्याला दिसतं तो आधी बघतो आणि मग बोलतो. ज्याला दिसेनासं झालेलं असतं तो पाठ केलेलं पटकन म्हणून मोकळा होतो, कारण थांबलं तर पकडले जाऊ ही धास्ती. आणि तेव्हा, हातातली पट्टी तशीच हवेत धरून, सकाळचा तो 'लाव' तिला नीट ऐकू आला. त्याच्या आधी काहीच नव्हतं. तिचा 'का' पुरता संपायच्या आत तो आला होता. सासूबाई घरातून फिरून आल्याच नव्हत्या. "बाई, डोळा उघडू का?" गृहस्थांनी विचारलं. ती म्हणाली, "थांबा," आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

घरी तिनं एवढंच सांगितलं की नळाला करंट येतोय. सकाळी विचारलं होतं की नव्हतं, याविषयी अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? त्या खुर्चीत बसलेल्या बाईकडून तो एक क्षण काढून घेतला तर मागं काय उरेल? विणकाम सुटलं होतं, दाणे निवडताना खडे राहायला लागले होते, शेजारणीचं नाव दिवसातून दोनदा हरवायचं. पण 'लावू का?' म्हटलं की पाठ ताठ व्हायची, डोळे मिटायचे, आणि सबंध घर त्यांच्या कपाळामागे दिवे लावून उभं राहायचं. मध्यंतरी काही दिवस घरात सारखा अंधार व्हायचा, पण तेही थांबलं होतं; त्या एका कामात त्या अजून पूर्ण होत्या. त्यांना कळलं असेल का आपलं चुकलं ते? आणि कळलं नसेल तर कळू द्यायचं कशाला? जेवताना ती हे घोळवत होती आणि सासूबाई पाण्याचा घोट घेऊन म्हणाल्या, "वायरमनला बोलवा. सगळी वायर काढून नवी घाला." नवऱ्याचा घास हातातच राहिला. इतकी वर्षं तो मागं लागला होता आणि त्या म्हणत होत्या, चाललंय की, तुझ्या वडिलांनी घातलीय, तुझ्यापेक्षा टिकेल. "अचानक?" त्यानं विचारलं. "नळ चावला ना तिला," सासूबाई म्हणाल्या, "नळानं पाणी द्यावं, चावू नये." आणि सुनेकडे न बघता ताट बोटानं पुसत राहिल्या. ती त्यांच्या चेहऱ्यावर काही सापडतं का शोधत राहिली. काही सापडलं नाही.

वायरमन आला तो बोलतच आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, कानावर पेन्सिल. शिडीवर चढला की वर जाईपर्यंत एक गोष्ट आणि खाली येईपर्यंत दुसरी. पट्ट्या उचकटायला लागला तसा भिंतींतून जुना काळ भुरभुर गळायला लागला. रबर वाळून शेंगेच्या फोलपटासारखं झालेलं, बोट लावलं की आतली तांब्याची तार उघडी. "हे बघा," तो म्हणायचा, "ही वायर नाही, ही आशा आहे." पण एका वळणावर तो मध्येच गप्प झाला. सासऱ्यांनी मारलेला एक जोड त्याच्या हातात होता. एकावर एक बसलेले घट्ट पीळ, वर कापडी पट्टी, आणि तिच्यावर दोऱ्यानं घातलेली बारीक वीण. "हा कुणी मारला? आता असं कुणी करत नाही. दोरा कशाला गुंडाळला पण?" खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "दोरा माझा. ते वर पीळ घालत, मी खालून दोरा देत. हिरवा असेल बघ, स्वयंपाकघराचा हिरवा." त्यानं धूळ पुसली. दोरा हिरवा होता. मग तो प्रत्येक जोडापाशी वरून विचारायचा, "आजी, पिवळा?" आणि त्या क्षणभर थांबून सांगायच्या, "माजघर." सून हातातलं काम सोडून ऐकत राहिली. शेजारणीचं नाव हरवतं, आणि हे एवढं सगळं जागच्या जागी आहे. जो तक्ता कुणी कधी भिंतीवर टांगलाच नाही, तो ही बाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचतेय. मग आपण उगाच घाबरतोय का? त्या दिवशीचा 'लाव' कदाचित नुसता घाईचा असेल, असं तिनं स्वतःला जवळजवळ पटवलं.

शेवटी वायरमन मीटरपाशी आला आणि त्यानं चिनीमातीचा फ्यूज उपसला. हातात धरून उजेडाकडे नेला. गोष्ट सांगायची थांबली. "ही तार कुणी भरली?" त्याचा आवाज बदलला होता. "एकाच्या जागी तीन-तीन तारा पिळून घातल्यात. हा फ्यूज जाणारच नाही. घर जळेल पण हा जाणार नाही. बाई, तुम्हाला नुसता झटका बसला, देवानं तारलं तुम्हाला." ती वळली. नवरा शिडी धरून उभा होता आणि भिंतीवरच्या छत्र्यांकडे असा बघत होता, जणू त्या आजच टांगल्यात. आणि तिला सगळं एकदम समजलं. मध्यंतरी फ्यूज सारखा जायला लागला होता. दर दोन दिवसांनी अंधार, आणि अंधारात सासूबाईंचा तो आवाज, "माझं चुकलं का रे?" मग एकाएकी ते थांबलं. तिला वाटलं होतं, देवाची कृपा, आईंचं डोकं परत ठिकाणावर आलं. ते तसं नव्हतंच. आईची चूक दिसू नये म्हणून लेकानं अंधारच बंद करून टाकला होता. त्यानंतर त्या चुकत राहिल्या असतील, दिवे तसेच जळत राहिले असतील, आणि वायर आतल्या आत शिजत राहिली असेल. ती नवऱ्याकडे बघत होती. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. वायरमन अजून उत्तराची वाट बघत फ्यूज धरून उभा होता. आता सगळं बोललं जाणार, आणि तेही सासूबाईंसमोर.

सासूबाई गप्प होत्या. डोळे मिटलेले, पाठ ताठ. गाणाऱ्याच्या श्वासाएवढा तो क्षण, पण या वेळी तो लांबला. त्या घरातून फिरत होत्या. न्हाणीघरातून, जळक्या वासातून, लेकाच्या वाकलेल्या मानेपाशी थांबून, सुनेच्या हाताला लागून. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, "मी भरली."

वायरमननं त्यांच्या हातांकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. पेरं सुजलेली, बोटं वाकडी. त्या हातांना आता सुईत दोरा ओवता येत नव्हता, स्टुलावर चढणं तर दूरच. "आजी, तुम्ही?" तो म्हणाला, "अहो, सुनेचा जीव गेला असता."

"हो ना," त्या म्हणाल्या. "चुकलं ते चुकलं. म्हणून तर तुला बोलावलं. आता नीट कर, आणि तो फ्यूज फेकून दे. कुणाला दाखवत फिरू नकोस."

लेकाची चूक त्यांनी उचलून स्वतःच्या पदरात घातली, आणि त्याच पदरात खाली स्वतःची खरी चूकही होती, जी झाकायला लेकानं हे सगळं केलं होतं. दोन्ही एका वाक्यात. परक्या माणसासमोर, सुनेसमोर, काही न सांडता. ती बघत राहिली. या बाईला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, कदाचित तो 'लाव' तोंडातून सुटला त्याच क्षणी. आणि ती खुर्ची आपल्या हातानं रिकामी करायची हे जेवणाच्या ताटावर, पाण्याच्या एका घोटात ठरवून मोकळी झाली होती. आपण हिची कीव करत होतो, या विचारानं तिचे कान तापले.

परसात नवरा अर्थिंगच्या खड्ड्यापाशी एकटा उभा होता. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरायचं बाकी होतं. "माझा हात गेला असता," ती म्हणाली.

"माहितीये."

"नुसता हातच नाही."

"माहितीये गं." तो खाली बघूनच बोलत होता. "अंधार झाला की तिचा चेहरा कसा व्हायचा, तू बघितला नाहीस. मी बॅटरी घेऊन जायचो ना, मला दिसायचा."

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तू दोनदा विचारायला लागली असतीस. तिला लगेच कळलं असतं."

तिला राग आला होता आणि तो पुढं बरेच दिवस राहणार होता. तरी मिठाचं पोतं तिनं एका बाजूनं धरलं. दोघांनी मिळून ते खड्ड्यात ओतलं. मागून आलेला वायरमन म्हणाला, उन्हाळ्यात इथं तांब्याभर पाणी घालत जा, जमीन ओली राहिली की वीज मुकाट मातीत उतरते, माणसाच्या अंगात शिरत नाही. नवऱ्यानं लगेच खिडकीकडे हाक मारली, "आई, हे काम तुझ्याकडे हं." आतून उत्तर आलं, "मला खेळणी देऊ नकोस रे." दोघंही एकदम हसले, आणि हसताना त्याचे डोळे भरून आलेले तिला दिसले.

काम संपलं. मीटरपाशी पांढरी पेटी बसली, आत खटक्यांची स्वच्छ रांग. कुणाला धक्का लागायच्या आत खटका पडेल, वायरमननं दाखवलं. मग तो घरभर फिरला आणि त्यानं सगळं लावलं. मोटर, इस्त्री, शेगडी, गिझर, खोल्याखोल्यांतले पंखे. घर कधी असं एका आवाजात बोललंच नव्हतं. सासूबाई खुर्चीत बसून ऐकत होत्या, मान हलत होती, एक सूर उचलून बाजूला ठेवावा आणि दुसरा उचलावा अशी. पण इतके सूर एकावर एक आले की त्यांचं बोट मांडीवर थबकलं. "एवढं सगळं एकदम?" "एकदम, आजी. आता कुणी कुणाला विचारायला नको." "बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि उठून आपल्या खोलीत गेल्या.

खुर्ची तिथंच राहिली. कुणी हलवली नाही, कुणी बसलं नाही. ती न्हाणीघरात जायची, बटणावर बोट ठेवायची, तोंड उघडायची आणि मिटायची. बटण दाबलं की गुपचूप काहीतरी उचलून पळाल्यासारखं वाटायचं. परगावी राहणाऱ्या मुलीचा फोन आला तेव्हा मुलगी हसत म्हणाली, "मी इथं पहिल्यांदा राहायला आले ना, तेव्हा पहिल्याच दिवशी ओरडले होते, लावू का. खोलीतल्या मैत्रिणी म्हणाल्या, देवाला विचारतेस काय?" ती हसली नाही. भिंती नव्या रंगानं गुळगुळीत झाल्या होत्या, हिरवे पिवळे दोरे एका डब्यात पडले होते, आणि घरात कुणीही काहीही कधीही लावत होतं. फक्त आपण त्या क्षणात आता नसतो, हे तिला सकाळी सकाळी जाणवायचं. आपलं नाव आता कुणी घेऊन येत नाही.

मग एका सकाळी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. शेगडीवर पातेलं थडथडत होतं, पलीकडे नवरा इस्त्री करत होता, वर टाकीत पाणी चढत होतं. न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. बादली सरकली नाही, गार पाण्याचा तो ठरलेला पहिला तांब्या ओतला गेला नाही. आणि दाराआडून, जरा दबकत, नव्या नवरीनं विचारावं तसा आवाज आला.

"लावू का गं?"

तिचे हात पिठात थांबले. नव्या वायरला काही फरक पडणार नव्हता, हे तिला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. तरी ती उठली नाही, घाई केली नाही. पाठ ताठ करून तिनं डोळे मिटले. शेगडी. इस्त्री, म्हणजे हे. मोटर, अजून थोडा वेळ. लांब त्या खोलीत मुलगी, एव्हाना उठली असेल. आणि दारापलीकडे, बटणावर वाकडं बोट ठेवून उभ्या असलेल्या त्या, गारठलेल्या, वाट बघत. सगळ्यांवरून एकदा हात फिरवून ती परत आली.

"लावा, आई," ती म्हणाली.